सहा मिनिटं कुणाची? एका फिजिओथेरपी पेपरचं वाचन

संशोधनाची तयारी करणाऱ्या बहुतेकांची पहिली अडचण सारखीच असते. पेपर वाचून झाला, पटलासुद्धा, आता त्यावर बोलायचं काय? म्हणून आज एक चांगला पेपर घेऊ. मुद्दाम चांगला घेतोय. वाईट पेपरातल्या चुका कुणीही काढेल. चांगल्या पेपरनं काय मोजलं आणि काय मोजलं नाही हे बघताना खरी तालीम होते.

विषय फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंगचा आहे. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट नाही, माझं पदव्युत्तर शिक्षण संख्याशास्त्रातलं. त्यामुळे कोणता व्यायाम बरा यावर मी बोलणार नाही. कुठला आकडा कशाला भागून आला, यावर बोलणार आहे.

प्रश्न काय आहे

महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी आजवर साडेचार वर्षांची राहिली आहे: चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. त्यात पुस्तकापेक्षा वॉर्डात आणि ओपीडीत शिकण्यासारखं जास्त असतं. विद्यार्थी रुग्णाला तपासतो, व्यायाम करून घेतो आणि एक अनुभवी फिजिओथेरपिस्ट त्याच्यावर लक्ष ठेवतो. या अनुभवी माणसाला आपण इथे पर्यवेक्षक म्हणू.

पर्यवेक्षकाकडे दिवसाची ठरलेलीच मिनिटं असतात. त्यातली काही विद्यार्थ्याला द्यायची, काही रुग्णाला. विद्यार्थ्याकडे दुर्लक्ष झालं तर तो चुकीचा शिकतो आणि रुग्णाला इजाही होऊ शकते. विद्यार्थ्यालाच सगळा वेळ दिला तर ओपीडीबाहेरची रांग वाढते. हा तोल कसा साधायचा, यावर गेली तीसेक वर्षं बरंच संशोधन झालंय. १९९० च्या दशकात रिचर्ड लेडीशेव्स्की यांनी दोन विद्यार्थी आणि एक पर्यवेक्षक अशी जोडीची पद्धत आणि विभागाची उत्पादकता यांचा अभ्यास केला. २००७ मध्ये लेक्कस आणि सहकाऱ्यांनी ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ फिजिओथेरपी’मध्ये वेगवेगळ्या पद्धतींचा पद्धतशीर आढावा घेतला आणि निष्कर्ष शीर्षकातच सांगून टाकला: कुठलीच एक पद्धत दुसरीपेक्षा सरस ठरत नाही.

इथे एक क्षण थांबा. ‘कुठलीच सरस ठरत नाही’ आणि ‘सगळ्या सारख्याच आहेत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य हाती असलेल्या पुराव्याबद्दल बोलतं, दुसरं जगाबद्दल. आढाव्यातून आपल्याला फक्त पहिलं मिळतं. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात बरेच विद्यार्थी पहिलं वाक्य वाचून दुसरं लिहितात, आणि व्हायवाला नेमके तिथेच अडकतात.

पेपर

आजचा पेपर २०१४ चा, ‘जर्नल ऑफ फिजिओथेरपी’मधला. समांथा सेव्हनहायसन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये केलेला. चार वर्षांच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षातले २४ विद्यार्थी. प्रत्येकानं पाच आठवडे एका पद्धतीनं पोस्टिंग केलं आणि पाच आठवडे दुसऱ्या. एक पद्धत नेहमीची: विद्यार्थ्यांच्या जोडीला पर्यवेक्षक शिकवतो. दुसरीत जोडीतल्या विद्यार्थ्यांनी ठरवून दिलेल्या कृतींमधून एकमेकांकडून शिकायचं आणि पर्यवेक्षकानं त्याला दिशा द्यायची. आधी कुठली पद्धत, हे चिठ्ठी टाकल्यासारखं यादृच्छिक ठरवलं.

या रचनेला क्रॉसओव्हर म्हणतात. फायदा असा की प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होते. हुशार मुलं एका गटात जमली, ही शंका उरत नाही. जोखीम अशी की पहिल्या पाच आठवड्यांत शिकलेलं दुसऱ्या पाच आठवड्यांत पुसून टाकता येत नाही. क्रम यादृच्छिक ठेवल्यानं ही जोखीम दोन्ही बाजूंना वाटली जाते, नाहीशी होत नाही.

विद्यार्थी किती तयार झाला हे मोजायला ‘असेसमेंट ऑफ फिजिओथेरपी प्रॅक्टिस’ हे मापन वापरलं. त्यात २० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला ० ते ४ गुण. गुण तिघांनी दिले: पर्यवेक्षकानं, विद्यार्थ्यानं स्वतः आणि एका बाहेरच्या परीक्षकानं. विद्यार्थी सध्या कुठल्या पद्धतीत आहे हे या परीक्षकाला सांगितलेलं नव्हतं. हे मला फार आवडलं. आपल्याकडचे शिक्षणविषयक कितीतरी अभ्यास ‘शिकवणाऱ्यानंच गुण दिले’ या एका गोष्टीवर ढासळतात.

निकाल असा. परीक्षकाच्या गुणांत फरक दिसला नाही, पी-मूल्य ०.४३. पर्यवेक्षकाच्या गुणांत नाही, ०.९४. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गुणांतही नाही, ०.९९. नव्या पद्धतीत पर्यवेक्षकाला दिवसाला ६ मिनिटं जास्त मोकळी मिळाली. ९५ टक्के विश्वास-अंतर १ ते १० मिनिटं. विद्यार्थ्याला लेखी अभिप्राय दिवसाला ०.३३ ने जास्त, म्हणजे साधारण तीन दिवसांतून एक जादा. आणि तरीही समाधान विचारलं तेव्हा पर्यवेक्षक आणि विद्यार्थी दोघांचंही मत जुन्याच पद्धतीकडे झुकलं.

माझे आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा आहे, तो लवकर उरकतो. २४ विद्यार्थ्यांत फरक न सापडणं म्हणजे फरक नसणं नव्हे. दोन पद्धती सारख्या आहेत असं म्हणायचं तर किती गुणांचा फरक आपण किरकोळ मानणार हे आधी ठरवावं लागतं, आणि मग विश्वास-अंतर त्या मर्यादेच्या आत बसतं का ते बघावं लागतं. वाचताना ०.९४ बघून खूश होऊ नका. मूळ तक्त्यात जा आणि अंतर किती रुंद आहे ते बघा.

दुसरा आक्षेप तुलनेचा. दोन्ही पद्धतींत एका पर्यवेक्षकाकडे विद्यार्थ्यांची जोडीच होती. म्हणजे ‘एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असावेत’ हा प्रश्न या पेपरनं विचारलेलाच नाही. तसा दावा लेखकांचाही नाही. पण असे पेपर पुढे उद्धृत होताना ‘विद्यार्थी वाढवले तरी गुणवत्ता टिकते’ अशा वाक्याला टेकू म्हणून सर्रास लावले जातात. तुमच्या प्रबंधात तसं होऊ देऊ नका.

तिसरा आक्षेप मुख्य आहे. त्या सहा मिनिटांचं काय झालं ते पुन्हा वाचा. ती विद्यार्थ्यांशी संबंध नसलेल्या, गुणवत्ता सुधारण्याच्या कामांसाठी मोकळी झाली. चांगलंच आहे, पण पेपरच्या सारांशात रुग्णाच्या वाट्याला काही जादा आलं असं म्हटलेलं नाही. पेपरचं शीर्षक कुणाला काय आवडलं हे सांगतं, आणि त्यात दोन नावं आहेत: शिक्षक आणि विद्यार्थी. टेबलावर पाय पसरून बसलेला तिसरा माणूस त्या वाक्यात नाही.

हा एकट्या सेव्हनहायसन यांचा दोष नाही. या विषयावरच्या बऱ्याच संशोधनाची हीच सवय आहे. विद्यार्थी आल्यानं रुग्णसेवेवर काय परिणाम होतो हे तपासताना सहसा मोजतात ते एका फिजिओथेरपिस्टनं दिवसाला किंवा तासाला किती रुग्ण बघितले. अनेक अभ्यासांत हा आकडा घटत नाही, काहींत थोडा वाढतोही. मग निष्कर्ष निघतो की विद्यार्थ्यांमुळे नुकसान होत नाही.

भागाकार कशानं केला?

एक छोटं गणित करू. आकडे मी समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही रुग्णालयाचे नाहीत.

एक फिजिओथेरपिस्ट चार तासांच्या ओपीडीत एकटा १६ रुग्ण बघतो. प्रत्येकाला त्याची १५ मिनिटं मिळतात. उरलेला वेळ रुग्ण मशीनवर किंवा शेकत असतो; विभागात एकूण मुक्काम ३० मिनिटं. आता दोन विद्यार्थी आले. तिघं मिळून त्याच चार तासांत २० रुग्ण बघतात. पर्यवेक्षकाचा निम्मा वेळ, म्हणजे १२० मिनिटं, विद्यार्थ्यांना शिकवण्यात आणि त्यांच्या नोंदी तपासण्यात जातो. उरलेल्या १२० मिनिटांना २० नं भागा: प्रत्येक रुग्णाला अनुभवी हाताची ६ मिनिटं. शिवाय ‘सर येऊन बघून जातील’ म्हणून थांबावं लागतं, त्यामुळे मुक्काम ४५ मिनिटांवर गेला.

उत्पादकता किती वाढली? १६ चे २० झाले, म्हणजे २५ टक्के वाढ. रुग्णाच्या बाजूनं काय झालं? अनुभवी हात १५ वरून ६ मिनिटांवर आणि मुक्काम ३० वरून ४५ वर. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. कुठलं छापलं जाईल हे भागाकार कशानं केला त्यावर ठरतं.

घाई मात्र करू नका. यावरून रुग्णाचा तोटाच झाला असंही म्हणता येत नाही. विद्यार्थ्यानं शेजारी बसून वीस मिनिटं गुडघ्याचा व्यायाम नीट करून घेतला, प्रत्येक वेळी पाय कुठे वाकतोय ते बघितलं, तर अनुभवी माणसाच्या घाईतल्या १५ मिनिटांपेक्षा ते कदाचित जास्त उपयोगी पडेल. खांद्याच्या गुंतागुंतीच्या दुखण्यात कदाचित उलट होईल. मुद्दा एवढाच की हे मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि ‘दिवसाला किती रुग्ण’ या आकड्यात ते कधीच उमटणार नाही.

मुरब्याहून बघितलं तर

मी हे पालघर तालुक्यातल्या मुरब्यात बसून लिहितोय. समोर खाडी, खाडीपलीकडे सातपाटी. फिजिओथेरपीसाठी इथल्या माणसाला बोईसर किंवा पालघर गाठावं लागतं. समजा, डोक्यावर मासळीची पाटी वाहून गुडघे दुखवून घेतलेली एक बाई आठवड्यातून दोनदा बोईसरला जाते. जाण्यायेण्यात दीड तास, रांगेत पाऊण तास, विभागात ४० मिनिटं, त्यातला प्रत्यक्ष उपचार २५ मिनिटं. एकूण १७५ मिनिटं खर्च करून तिला २५ मिळाली, म्हणजे १४ टक्के. त्या दिवशी नवा विद्यार्थी असेल आणि ‘मावशी, दुखणं कधीपासून आहे’ इथपासून पुन्हा सगळं विचारण्यात १० मिनिटं गेली, तर उपचार १५ मिनिटांवर येतो. विभागाच्या नोंदवहीत काहीच बदलत नाही. एक रुग्ण आला, एक रुग्ण झाला. तिचा उपचार मात्र ४० टक्क्यांनी घटला. शिवाय त्या दिवशीचा बाजारही बुडाला.

अशी बाई दोन-तीन खेपांनंतर यायचीच थांबली तर? इथे संशोधकानं सावध व्हायला हवं. जी येत नाही ती तुमच्या आकडेवारीत नसते. समाधानाचा फॉर्म शेवटच्या दिवशी भरून घेतला तर शेवटपर्यंत टिकलेल्यांचंच समाधान मोजलं जातं. शहरातल्या, दहा मिनिटांवर राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत ही गळती लहान असू शकेल. किनाऱ्यावरच्या गावांसाठी तिची वेगळी नोंद ठेवायलाच हवी.

दुसरी एक गंमत इथे राहिल्याशिवाय लक्षात येत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते.  त्या काळात नाखवा-खलाशी घरी असतात, जाळी शिवतात, आणि वर्षभर रेटलेलं दुखणं दाखवायला सवड मिळते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की तोच माणूस दिसेनासा होतो. आता समजा, तुमच्या अभ्यासात विद्यार्थ्यांची एक तुकडी जून-जुलैत होती आणि तुलनेचा, विद्यार्थी नसलेला काळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. विद्यार्थी असताना रुग्णांनी उपचार पूर्ण केले असं दिसेल. श्रेय विद्यार्थ्यांना जाईल, ते असेल बंदीचं. याला पुस्तकात गोंधळकारक चल म्हणतात. पुस्तकातली उदाहरणं वय आणि धूम्रपानाची असतात. आपल्या गावातला चल आपणच ओळखायचा असतो. तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा चल आणखी वेगळा निघेल.

तुम्ही करणार असाल तर

या विषयावर कुणी काम करणार असेल तर माझ्या मते तीन घड्याळं लागतील. एक, रुग्ण दारातून आत आला ते बाहेर पडला. दोन, त्यातला उपचाराचा आणि व्यायामाचा वेळ. तीन, त्या वेळात पर्यवेक्षक प्रत्यक्ष शेजारी होता तो वेळ. याशिवाय ठरलेल्या खेपांपैकी किती पूर्ण झाल्या आणि रुग्णाला तिथवर यायला किती वेळ नि पैसे लागले, हे दोन साधे प्रश्न.

शिकवण्याच्या वेळेचेही तीन भाग वेगळे ठेवा. रुग्णाला सोबत घेऊन शिकवणं, रुग्णाच्या डोक्यावरून शिकवणं आणि रुग्ण गेल्यावर शिकवणं. पहिल्यात पर्यवेक्षक विद्यार्थ्याला समजावतो तेच रुग्णाच्या कानावर, त्याला कळेल अशा भाषेत पडतं. एकच मिनिट दोघांच्या खात्यात जमा होतं. दुसऱ्यात इंग्रजीत चर्चा चालते आणि रुग्ण छताकडे बघतो. आपल्या किनाऱ्यावर घरात मांगेली बोलणाऱ्या माणसाला ओपीडीतली प्रमाण मराठीसुद्धा कधीकधी परकी वाटते, मग इंग्रजीचं काय सांगावं! आजवरच्या बऱ्याच अभ्यासांत हे सगळं ‘पर्यवेक्षणाचा वेळ’ या एकाच रकान्यात जातं. ‘पर्यवेक्षण विरुद्ध रुग्णाचा वेळ’ हे भांडण निम्मंअधिक याच रकान्यानं लावलंय, असं मला वाटतं.

नमुन्याच्या आकाराबद्दल एक तांत्रिक सूचना. एका विद्यार्थ्यानं बघितलेले वीस रुग्ण हे वीस स्वतंत्र निरीक्षणं नसतात. विद्यार्थी सावकाश काम करणारा असेल तर वीसही जणांचा वेळ वाढतो. म्हणून डिझाइन इफेक्ट काढतात: एका गटातल्या नोंदींतून १ वजा करा, आयसीसीनं गुणा, त्यात १ मिळवा. आयसीसी ०.०५ धरला तर १ + १९ × ०.०५ = १.९५. म्हणजे १२ विद्यार्थ्यांच्या तुमच्या २४० नोंदींचं वजन साधारण १२३ नोंदींएवढंच. गाइडनं विचारण्याआधी हे गणित मांडून ठेवा. आणि स्टॉपवॉच घेऊन कुणी कोपऱ्यात उभं आहे हे कळलं की पर्यवेक्षक जास्त वेळ रुग्णाशेजारी थांबतो, म्हणून पहिले काही दिवस नोंदी घ्या पण विश्लेषणात धरू नका. तसं करणार हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहा.

माझ्या टीकेवरची टीका

आता मला उलटं विचारा: रुग्णाच्या वेळेचा एवढा कैवार घेतला, तर उद्या जिल्ह्याच्या ठिकाणी विद्यार्थीच नकोत असं कुणी म्हणालं तर?

ही भीती खरी आहे, आणि या लेखाचा तसा उपयोग झाला तर मला वाईट वाटेल. भारतात फिजिओथेरपीचं औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं. पोलिओच्या साथीनं त्याची निकड दाखवून दिली होती. तेव्हापासून हे शिक्षण मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांभोवती वाढलं. पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. विद्यार्थी अशा ठिकाणी आलेच नाहीत तर जमिनीवर बसून दिवसभर मासे निवडणाऱ्या बाईचं गुडघं, जाळं ओढणाऱ्याचा खांदा आणि कारखान्यातल्या यंत्रात सापडलेली बोटं ते बघणार कुठे? ‘जमिनीवर बसू नका’ हा सल्ला मुंबईच्या फ्लॅटमध्ये चालतो. इथे तो देणाऱ्याला ‘मग काम कसं करू?’ असं उत्तर ऐकावं लागतं, आणि ते उत्तर ऐकणं हेही शिक्षणच आहे. आज मावशींची दहा मिनिटं घेणारा विद्यार्थी उद्या त्यांच्याच गावाजवळ दवाखाना टाकेल, अशी निदान शक्यता तरी उरते.

म्हणून मला विद्यार्थी हटवायचे नाहीत, खर्च कोण सोसतंय ते लिहून ठेवायचं आहे. खर्च दिसला की तो कमी करायचे साधे उपाय सुचतात. पुन्हा पुन्हा तोच इतिहास विचारण्याऐवजी आधीच्या विद्यार्थ्याची नोंद पुढच्याच्या हाती देणं. लांबून येणाऱ्या रुग्णाला पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्यात एकट्या नव्या विद्यार्थ्याकडे न सोपवणं. विद्यार्थ्यानं तपासलं तर चालेल का हे खरोखर विचारणं, म्हणजे ‘नाही’ म्हटलं तरी रांगेतला नंबर जाणार नाही अशा पद्धतीनं. सेव्हनहायसन यांनी वापरलेल्या मापनातही रुग्णाचे हक्क आणि संमती समजणं हा मुद्दा आहे. फक्त त्याचे गुण शिक्षक, परीक्षक आणि विद्यार्थी देतात, रुग्ण देत नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यानं फिजिओथेरपीसह संलग्न आरोग्यसेवांच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय पातळीवर एक आयोग आणला. पोस्टिंग कशी असावी याचे निकष पुढच्या काळात लिहिले जातील आणि बदलतील. ते लिहिणारे पुरावा मागतील, आणि त्यांच्या हाताशी मुख्यतः परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतले आकडे असतील, फिजिओथेरपिस्टच्या तासांनी भागलेले. आपल्याकडचे, रुग्णाच्या तासांनी भागलेले आकडे कुणीतरी गोळा करायला हवेत. एम.पी.टी.च्या प्रबंधाला पुरेल एवढंच हे काम आहे: एक ओपीडी, तीन घड्याळं आणि सहा महिने. फक्त ते सहा महिने निवडताना मासेमारीबंदीच्या तारखा बघून घ्या.